कर्ज हे देणे आहे, अब्रू गहाण नाही



ज्या अंगणात पूर्वी बैलबंडी सुटत असे तेथे आज चारचाकी उभी असते, हे आपल्या रामाकोना-सौंसर भागातील पुष्कळ घरांचे चित्र आहे. कोणी संत्री नागपूरच्या बाजारात नेण्यासाठी पिकअप घेतली, कोणी भाड्याने चालवण्यासाठी जीप घेतली, कोणी घरच्या वापरासाठी जुनी कार घेतली. यांतील फार थोड्या गाड्या रोख पैशाने आल्या; बाकीच्या हप्त्यावर आल्या. त्यात गैर काही नाही. गाडी ही आता चैनीची वस्तू राहिली नसून कास्तकाराचे अवजारच झाली आहे. तेव्हा गाडी घ्यावी की घेऊ नये, हा वाद आम्ही आज घालणार नाही. हप्ते थकले आणि वसुलीवाले दारात आले तर ख्रिस्ती कुटुंबाने कसे वागावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

शेती व आरोग्याच्या पानावर हा विषय का, असे कोणी विचारील. हप्ता पिकातून भरायचा असतो म्हणून तो शेतीचा विषय आहे. आणि थकलेला हप्ता गाडीच्या आधी माणसाची झोप नेतो, म्हणून तो आरोग्याचाही विषय आहे.

आमचे मत आरंभीच सांगतो. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे. परंतु ते कागदावर, दिवसाउजेडी आणि चारचौघांच्या साक्षीने फेडावे. भिऊन, लपून आणि घरच्यांना अंधारात ठेवून नव्हे. वसुलीवाल्याचे निम्मे बळ त्याच्या कागदात असते, हे खरे. उरलेले निम्मे बळ आपल्या लाजेत असते, आणि ते आपणच त्याच्या हाती देतो.

लपल्याने काय होते

दोन हप्ते चुकले की घरात काय घडते ते आपण सर्वजण जाणतो. फोन उचलला जात नाही. अनोळखी मोटारसायकल गल्लीत शिरली की पोराला बाहेर पाठवून "बाबा वावरात गेले" असे सांगायला लावले जाते. टपालाने आलेली पाकिटे न फोडताच येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे खोचली जातात. एका सावकाराचे देणे भागवण्यासाठी दुसऱ्याकडून चढ्या व्याजाने उचल होते. पुढे पुढे तर जामीनदार भेटेल या भीतीने माणूस रविवारच्या मिस्सेलाही येईनासा होतो.

या लपण्याचा फायदा फक्त समोरच्याला होतो. पाकीट न फोडल्याने नोटीस रद्द होत नाही. मुदत मात्र संपत जाते. कर्ज देताना कंपनीने तुमचे धनादेश घेतले असतील आणि त्यातला एखादा वटला नाही, तर कायद्याप्रमाणे नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची संधी असते. ती गेली की फौजदारी तक्रार होऊ शकते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला, तरी जवळपास तोच नियम लागतो. कर्ज थकले एवढ्यावरून कोणी कोणाला तुरुंगात घालू शकत नाही, हे खरे आहे. पण न वटलेल्या धनादेशाची गोष्ट वेगळी आहे, आणि हा फरक अनेकांना ठाऊक नसतो. तसेच कंपनी कधी कधी करारातील कलमानुसार दूरच्या शहरात लवाद नेमते. त्याच्या नोटिशीला उत्तर न दिल्यास आपल्या गैरहजेरीत निवाडा होतो. म्हणून पहिला नियम हा की आलेले प्रत्येक पाकीट त्याच दिवशी फोडावे, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे, आणि मिळाल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी.

आपल्या मराठी शेतकऱ्याला कागदाची ही शिकवण फार महाग पडलेली आहे. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. ठिकठिकाणी लोकांनी सावकारांकडून कर्जरोखे मागून घेऊन जाळले. ज्या कागदावर आपण अंगठा दिला त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, म्हणून तो कागदच शत्रू वाटला. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आज आपली मुले शाळा-कॉलेजात शिकतात. आता कागद जाळण्याची गरज नाही. तो वाचण्याची आहे.

हप्ता महिन्याचा, पीक सहा महिन्यांचे

हप्ते थकतात ते नेहमी उधळपट्टीनेच थकतात असे नाही. कापूस दसऱ्यापासून घरात येऊ लागतो. अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास निघतात, मृगाची शिमग्याच्या सुमारास. मधल्या महिन्यांत कास्तकाराच्या हाती पैसा नसतो. उलट बियाणे, खत, फवारणी आणि निंदणाची मजुरी द्यायची असते. गाडीचा हप्ता मात्र पगारदार माणसाला डोळ्यांसमोर ठेवून महिन्याच्या महिन्याला बांधलेला असतो. एखाद्या वर्षी गारपीट झाली किंवा संत्र्याची फळगळ झाली की तोल जातोच. यावर उपाय सही करण्याआधीच करता येतो. ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही हप्ते बांधून देण्याची पद्धत आहे. तसेच आपल्या गाडीसाठी मिळतात का, हे दोन-तीन ठिकाणी विचारावे. जेथे ऐकून घेतात तेथेच कर्ज घ्यावे.

दुसरी अडचण व्याजाच्या हिशेबाची. समजा, ६ लाख रुपयांचे कर्ज ५ वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले. व्याज जर उरलेल्या मुदलावर, म्हणजे घटत्या शिलकीवर, धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,३५० रुपये पडतो आणि पाच वर्षांत व्याज सुमारे २ लाख रुपये जाते. पण विक्रेता जर सरसकट १२ टक्के म्हणत असेल, तर तो पूर्ण ६ लाखांवर पाचही वर्षे व्याज लावतो. मग हप्ता १६,००० रुपये होतो आणि व्याज ३ लाख ६० हजार. तोंडाने दोघेही "बारा टक्के" म्हणाले. प्रत्यक्षात दुसऱ्याचा दर २० टक्क्यांच्या पुढे जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन किरकोळ कर्जासोबत खर्च धरून होणारा वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक कर्जदाराला त्याच्या समजणाऱ्या भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे. तसेच उशिरा भरलेल्या हप्त्यावर दंड म्हणून जादा व्याज लावण्यास १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत मनाई आहे. दंडशुल्क घेता येते, पण त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

पवित्र शास्त्र दोघांनाही बांधते

कर्जाविषयी पवित्र शास्त्र गप्प नाही. बेनसिराच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात शेजाऱ्याला गरजेच्या वेळी उसने द्यावे असे सांगितले आहे, आणि घेणाऱ्याने ठरल्या वेळी परत करावे असेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. घेताना सावकाराचा हात चुंबतात आणि देताना टाळाटाळ करतात, अशा लोकांना तेथे दोष दिलेला आहे. ज्याच्या गाठीला पैसे आहेत आणि तरीही जो हप्ता बुडवतो, त्याच्यासाठी हा लेख नाही.

दुसऱ्या बाजूने अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात धनकोलाही मर्यादा घातली आहे. कर्जदाराकडून तारण घ्यायचे असेल तर त्याच्या घरात शिरू नये; बाहेर थांबावे आणि त्याने स्वतः ते बाहेर आणून द्यावे. त्याच अध्यायात जाते किंवा जात्याची वरची तळी तारण घेऊ नये असेही म्हटले आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचे जगणेच तारण घेणे. आपल्या आयाबहिणींनी पहाटे जात्यावर दळले आहे. त्यांना या आज्ञेचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्या गाडीवर घर चालते ती गाडी म्हणजे आजचे जातेच होय. कायदा ती तारण घेऊ देतो, परंतु उंबरठ्याची ती जुनी मर्यादा आजच्या कायद्यानेही पुष्कळ अंशी मानली आहे.

हजारीबागने दिलेला धडा

ही मर्यादा तुटली म्हणजे काय होते ते २०२२ च्या सप्टेंबरात झारखंडमधील हजारीबाग जिल्ह्यात दिसले. एका शेतकऱ्याचे ट्रॅक्टरचे हप्ते थकले होते. वसुलीची माणसे ट्रॅक्टर घेऊन निघाली तेव्हा त्या शेतकऱ्याची गर्भवती मुलगी आडवी गेली आणि चाकाखाली सापडून मरण पावली. पोटातले बाळही गेले. देशभर हळहळ व संताप झाला. त्याच महिन्याच्या २२ तारखेला रिझर्व्ह बँकेने महिंद्रा अँड महिंद्रा फायनान्शियल सर्व्हिसेस या कंपनीला बाहेरच्या माणसांकरवी वसुली व जप्ती करण्यास मनाई केली. वसुलीची पद्धत सुधारण्याची हमी कंपनीने दिल्यावर २०२३ च्या जानेवारीत ही मनाई उठवण्यात आली.

या घटनेच्या महिनाभर आधी, १२ ऑगस्ट २०२२ रोजी, रिझर्व्ह बँकेने वसुलीविषयी स्पष्ट सूचना काढली होती. तिचा सारांश असा: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करू नये, शिवीगाळ, मारहाण वा धमकी नको, चारचौघांत अपमान करू नये, कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना व ओळखीच्यांना त्रास देऊ नये, खोटी ओळख सांगू नये. बचतगटाच्या बाया घेतात त्या सूक्ष्म कर्जांसाठी ही वेळ आणखी कमी, म्हणजे सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे.

न्यायालयांचेही म्हणणे ऐकावे. २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुंडांकरवी वाहने ओढून नेण्याची निर्भर्त्सना केली आणि वसुली कायदेशीर मार्गानेच व्हावी असे बजावले. २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. मात्र २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्पच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही म्हटले की भाडे-खरेदी करारात सर्व हप्ते फिटेपर्यंत गाडीची मालकी कंपनीची असते, आणि हप्ते थकल्यावर कराराप्रमाणे तिने गाडी ताब्यात घेतली तर तो गुन्हा ठरत नाही. म्हणजे कंपनीला हक्क आहे. दांडगाईचा हक्क नाही. या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवल्या तर माणूस उगाच भीत नाही आणि उगाच भांडतही नाही.

माणसे दारात आली तर

१. प्रथम ओळखपत्र, कंपनीचे अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत मागावी. नाव, कंपनी, तारीख व वेळ वहीत लिहावी. मोबाईलवर फोटो घेता आला तर उत्तम.

२. बोलणे अंगणात करावे आणि एक शेजारी बोलावून घ्यावा. परवानगीशिवाय घरात शिरण्याचा अधिकार वसुलीवाल्याला नाही. पुरुषमाणूस वावरात गेला असताना घरी एकट्या असलेल्या बाईने दार उघडलेच पाहिजे असे नाही. "उद्या सकाळी मालक असताना या" एवढे सांगणे पुरेसे आहे.

३. रोख रक्कम पावतीशिवाय कोणाच्याही हातात देऊ नये. शक्यतो शाखेत जाऊन किंवा कर्जखात्यात थेट भरावी. "साहेबांना सांगून मिटवतो" म्हणून मधल्या माणसाने घेतलेले पैसे खात्यात जमा होतील याचा भरवसा नसतो.

४. कोऱ्या कागदावर सही करू नये. "राजीखुशीने गाडी देत आहे" असा मजकूर असेल आणि ते खरे नसेल, तर त्यावर सही करू नये.

५. गाडी द्यायचीच ठरली तर दोन्ही बाजूंच्या सहीने यादी करावी: गाडीची स्थिती, टायर, बॅटरी, स्टेपनी, किलोमीटरचा आकडा. आतील सामान व कागदपत्रे काढून घ्यावीत. गाडीत संत्र्याचे कॅरेट किंवा कापूस भरलेला असेल तर तो उतरवून घ्यावा. गाडी तारण आहे, माल तारण नाही.

६. रस्त्यात गाडी अडवून चावी हिसकावली, मारहाण केली किंवा धमकी दिली, तर ११२ वर फोन करावा आणि त्याच दिवशी ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. आपण मात्र हात उचलू नये. गाडीच्या आडवे जाऊ नये, लेकरांना व बायकांना पुढे करू नये. लोखंडाची गाडी पुन्हा येईल. हजारीबागची ती लेक पुन्हा येणार नाही.

७. वसुलीवाल्याशी सभ्यपणे बोलावे. तोही बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या कास्तकाराचा मुलगा असतो आणि वसुलीच्या टक्केवारीवर त्याचे घर चालते. त्याला पाणी द्यावे. पाणी देणे म्हणजे चावी देणे नव्हे.

गाडी गेली म्हणजे कर्ज संपले असे नाही

पुष्कळ लोक वैतागून म्हणतात, "न्या गाडी, सुटलो एकदाचा." ही फार मोठी गैरसमजूत आहे. समजा, ४ लाख बाकी आहेत आणि लिलावात गाडी अडीच लाखांना गेली. तर उरलेले दीड लाख आपल्याच अंगावर राहतात. म्हणून ताबा गेल्यावरही जागे राहावे लागते. ताबा घेण्याआधीच्या नोटिशीची मुदत, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी, गाडी परत मिळण्याची रीत आणि लिलावाची रीत, या सर्वांची कलमे वित्त कंपनीने करारात घालावीत असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. आपला करार काढून ही कलमे पाहावीत. लिलावाची तारीख व कमीत कमी किंमत लेखी विचारावी आणि जास्त भाव देणारे गिऱ्हाईक मिळत असेल तर ते लेखी कळवावे. याहून चांगली गोष्ट म्हणजे पुढचे हप्ते झेपणार नाहीत असे दिसताच, गाडी आपल्या ताब्यात असतानाच कंपनीच्या लेखी संमतीने ती चांगल्या भावात विकून कर्ज चुकते करावे. कर्ज मिटल्यावर बेबाकी पत्र घ्यावे आणि आरटीओच्या नोंदीतून बोजा उतरवून घ्यावा.

जामीनदाराची गोष्टही सांगितली पाहिजे. रविवारी चर्चच्या आवारात भेटलो आणि "एक सही दे" म्हटले की आपण नाही म्हणत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते. कंपनी सरळ त्याच्याकडे जाऊ शकते. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रांच्या पुस्तकातही कडक सूचना आहे. जेवढे स्वतः भरता येईल तेवढ्याच रकमेला जामीन राहावे.

"बैल नेऊ, बियाणे नेऊ, घराला कुलूप लावू" अशा धमक्या दिल्या जातात. त्यांना घाबरू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे शेतकऱ्याच्या उपजीविकेला आवश्यक असे बैल, अवजारे व बियाणे, त्याचे राहते घर, तसेच कुटुंबाचे अंगावरचे कपडे व स्वयंपाकाची भांडी यांवर न्यायालयाच्या हुकमानेही सहसा जप्ती येत नाही. वसुलीवाल्याला तर असा अधिकार मुळीच नाही. मात्र जी वस्तू आपण स्वतः तारण लिहून दिली ती या संरक्षणात धरू नये.

आणि कर्जमाफीची वाट पाहू नये. २०१८ च्या डिसेंबरात आपल्या मध्य प्रदेशात जी कर्जमाफी जाहीर झाली ती पीककर्जाची होती; गाडीचे हप्ते तिच्यात नव्हते.

दाद कोठे मागावी

पहिला अर्ज कंपनीच्याच शाखेत, लेखी, आणि पोच घेऊन द्यावा. त्यात हप्ते का थकले, पीक केव्हा निघेल, त्या वेळी किती भरता येतील, हे आकड्यांनिशी लिहावे. झेपेल तेवढीच रक्कम लिहावी. मोठा शब्द देऊन तो मोडण्यापेक्षा लहान शब्द देऊन तो पाळणे बरे. त्रासाबद्दलच्या तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

वकिलाची ऐपत नसेल तर तहसील न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. त्यांचा क्रमांक १५१०० आहे. लोकअदालतीत अशी प्रकरणे तडजोडीने मिटतात. कोर्ट फी लागत नाही. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते, म्हणून आकडा नीट समजल्याशिवाय होकार देऊ नये.

घरातील माणसाकडे लक्ष असू द्या

आता आरोग्याविषयी. कर्जाची चिंता शरीरात उतरते. झोप तुटते, रक्तदाब वाढतो, जेवण जात नाही, माणूस लेकरांवर खेकसू लागतो किंवा अगदी गप्प होतो. कोणी दारूकडे वळतो. घरच्यांनी याला आळस किंवा तऱ्हेवाईकपणा समजू नये. "माझ्यामागे तुम्ही सुटाल" अशा अर्थाचे बोलणे कानावर आले तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नये. अशा माणसाला एकटे सोडू नये. फवारणीचे औषध घरात, हाताशी ठेवू नये. कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावे. त्याला सरळ विचारावे, "तुमच्या मनात जिवाचे काही येते काय?" असे विचारल्याने विचार बळावत नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो. दवाखान्यात न्यावे, फादरांना बोलवावे. देवाने दिलेला जीव कोणत्याही वित्त कंपनीकडे तारण नाही.

धर्मग्रामाचे कर्तव्य

येथवर आम्ही एकेका घराचे सांगितले. परंतु एकट्या घराला हे झेपत नाही, हेच आमचे खरे म्हणणे आहे. ज्या छोटानागपूरच्या पठारावर २०२२ मध्ये ती दुर्घटना घडली, त्याच पठारावर १९०९ साली येशूसंघाचे फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन यांनी आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली होती. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात १९१८ साली वसईला मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी कॅथॉलिक सहकारी बँकेचा पाया घातला. कर्ज हा केवळ ज्याचा त्याचा खासगी विषय नाही, तो मंडळीचा विषय आहे, हे त्या धर्मगुरूंनी ओळखले होते.

आपण लगेच बँक काढू शकणार नाही. पण तीन गोष्टी आजपासून करता येतील. एक, महिन्यातील एका रविवारी मिस्सेनंतर कागद वाचून देण्याची सोय करावी. आपल्या धर्मग्रामात शिक्षक आहेत, कॉलेजात शिकणारी मुलेमुली आहेत. त्यांनी करार व नोटिसा वाचून समजावून द्याव्यात. दोन, शाखेत किंवा लोकअदालतीत जाणाऱ्याबरोबर दोन जाणत्या माणसांनी जावे. बोलायचे नसले तरी बरोबर बसावे. एकट्याशी लोक जसे बोलतात तसे तिघांशी बोलत नाहीत. तीन, आणि हे सर्वांत अवघड, ज्याच्या दारातून गाडी गेली त्याच्याविषयी चावडीवर व विहिरीवर बोलणे बंद करावे. आपण कुजबुजतो म्हणून तो लपतो. आपल्या जिभेने आपण वसुलीवाल्याचेच काम फुकट करीत असतो.

२०२५ हे जयंती वर्ष आपण साजरे केले. लेवीय या पुस्तकात सांगितलेल्या त्या मूळ जयंती वर्षात कर्जापायी जमीन गमावलेला माणूस आपल्या वतनावर परत येत असे. सर्वांची कर्जे माफ करणे आपल्या हातात नाही. परंतु कर्जापायी मंडळीतून दूर गेलेला भाऊ परत बाकावर येऊन बसावा, एवढे तर आपल्या हातात आहे. म्हणून येत्या रविवारी कोणाची जागा काही आठवड्यांपासून रिकामी आहे ते पाहावे, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जावे. त्याने दाखवली तर त्याची पाकिटे त्याच्याजवळ बसून उघडावीत.